विअर्डच्या पोटातला वुर्ड

‘जरा विअर्डच आहे तो’ हे वाक्य आता मराठी घरांत सर्रास ऐकू येतं. विचित्र, तऱ्हेवाईक, चमत्कारिक, क्वचित अंगावर काटा आणणारं, एवढा सगळा ऐवज त्या एका शब्दात मावतो, म्हणून तो आपल्याकडे रुळला असावा. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द कुणी हसत हसत उच्चारला नसता. तेव्हा तो विशेषण नव्हताच. ते एक स्त्रीलिंगी नाम होतं आणि ते लढाईच्या आदल्या रात्री, परक्या किनाऱ्यावर किंवा मरणाऱ्या माणसाच्या तोंडी यायचं.

त्या काळच्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘वुर्ड’. उच्चार करायचा तर ‘वि’ म्हणायचं, पण ओठ ‘वु’ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे. जर्मन शिकलेल्यांना हा स्वर ओळखीचा असेल. देवनागरीत तो नीट उतरत नाही, तेव्हा ‘वुर्ड’वर भागवून घेऊ.

अर्थ विचारला की शब्दकोश ‘नियती’ असं सांगून मोकळे होतात. चूक नाही, पण त्या उत्तराने जुन्या कविता वाचताना फसगत होते. नियती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधीच ठरवून, लिहून ठेवलेलं काहीतरी येतं: विधिलिखित, ललाटलेख, पाचवीच्या रात्री सटवाईने कपाळावर ओढलेल्या रेघा. वुर्ड लिहीत नाही. जुन्या इंग्रजी कवितेत ती माणसांना झाडून नेते, भिंती मोडते, कधी विणते, कधी नुसती जवळ येऊन उभी राहते. आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणी ‘ती’ नसतेच. तिचा अर्थ फक्त ‘जे घडलं ते’ एवढाच असतो.

याचं कारण शब्दाच्या मुळात आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेओर्थान’ असं क्रियापद होतं. होणे, बनणे, घडणे हे त्याचे अर्थ. जर्मनमधलं ‘व्हेर्डन’ हे त्याचंच भावंड, ते आजही रोजच्या वापरात आहे. इंग्रजीतून मात्र ते क्रियापद नाहीसं झालं. वुर्ड हे त्याच क्रियापदापासून झालेलं नाम. आपल्याकडे या अर्थाला अगदी चपखल बसणारा शब्द आहे: भवितव्य. तोही ‘भू’ म्हणजे ‘होणे’ या धातूपासूनच आला. ‘होणारं चुकत नाही’ असं आजी म्हणायची तेव्हा तिला अभिप्रेत असलेलं ‘होणारं’ म्हणजे वुर्डच. मला विचाराल तर वुर्डचं मराठी भाषांतर करताना नियतीपेक्षा ‘होणार’ हाच शब्द आधी हाताशी ठेवावा.

या क्रियापदाच्याही मागे गेलं तर ‘वळणे, फिरणे’ अशा अर्थाचं एक फार जुनं मूळ सापडतं. लॅटिनमधलं ‘व्हर्तेरे’ त्यातलंच आणि संस्कृतमधला ‘वृत्’ धातूही त्यातलाच. म्हणजे वर्तन, वर्तुळ, आवृत्ती, परिवर्तन, वर्तमान ही सगळी वुर्डची लांबची भाऊबंदकी. वर्तुळापासून आलेलं आपलं ‘वाटोळं’सुद्धा. एखाद्याचं वाटोळं झालं असं आपण म्हणतो तेव्हा नकळत याच कुळातला शब्द वापरतो, आणि अर्थही फार लांब गेलेला नसतो.

स्कँडिनेव्हियन पुराणकथांत या कुळातली आणखी एक ओळखीची बाई भेटते. विश्ववृक्षाच्या मुळाशी असलेल्या विहिरीजवळ तीन बायका राहतात आणि माणसांचं आयुष्य ठरवतात: उर्द, व्हेर्दांदी आणि स्कुल्द. उर्द हे वुर्डचंच तिकडचं रूप. व्हेर्दांदी म्हणजे ‘होत असलेली’, जवळजवळ आपलं ‘वर्तमान’च, मूळ एक आणि घडणही तशीच. या कथा ज्या स्वरूपात आपल्याला मिळतात त्या बऱ्याच उशिरा लिहिल्या गेल्या, त्यामुळे इंग्लंडमधल्या वुर्डलाही सरसकट अशीच देवी मानणं धाडसाचं आहे. मात्र आठव्या शतकाच्या आसपासच्या इंग्रजी शब्दसंग्रहांत, जिथे अवघड लॅटिन शब्दांसमोर देशी शब्द लिहून ठेवलेत, तिथे आयुष्याचा धागा कातणाऱ्या तीन रोमन देवींच्या नावासमोर वुर्डचं अनेकवचन दिलेलं आहे. म्हणजे असं काहीतरी कुणाच्या तरी मनात होतं खरं.

आता कवितांकडे येऊ. ‘बेओवुल्फ’ ही जुन्या इंग्रजीतली सर्वांत मोठी वीरकथा, ३१८२ ओळींची. तिचं एकच हस्तलिखित उरलं आहे, साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचं. १७३१ मध्ये लंडनच्या ॲशबर्नम हाउसला आग लागली तेव्हा त्याच्या कडा होरपळल्या, पण ते वाचलं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. कथा अशी: डेन्मार्कचा राजा ह्रोथगार याच्या भव्य दालनावर ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री धाड घालून माणसं खातो. आजच्या दक्षिण स्वीडनमधून बेओवुल्फ हा तरुण योद्धा समुद्र ओलांडून मदतीला येतो. लढाईआधी तो राजाला जे सांगतो ते फार व्यावहारिक आहे. मी मेलो तर प्रेत पुरण्याची चिंता करू नका, राक्षस काही शिल्लक ठेवणार नाही. फक्त माझं चिलखत आमच्या राजाकडे परत पाठवा. ते आजोबांकडून आलंय, वेलंडच्या हातचं आहे. वेलंड हा दंतकथांतला नामांकित लोहार. आणि मग एक छोटं वाक्य: ‘गॅथ आ वुर्ड स्वा हिओ शेल’. वुर्ड आपल्या वाटेने जायची तशीच जाते.

या वाक्याभोवती बरंच तत्त्वज्ञान रचलं गेलंय. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. चिलखताची निरवानिरव झाल्यावर, संभाषण संपवताना ते आलं आहे. आपल्याकडे घर सोडून लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस किल्ल्या, पासबुक, कुणाचे किती देणे हे सगळं सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘पुढचं पुढे’. त्या चालीचं वाक्य आहे हे.

त्याच रात्रीच्या मेजवानीत उन्फर्थ नावाचा दरबारी बेओवुल्फला डिवचतो. तू ब्रेकाशी पोहण्याची पैज लावलीस आणि हरलास म्हणे! बेओवुल्फ उत्तरादाखल खरी हकीकत सांगतो: अंधार, थंडी, समुद्रातले राक्षस, त्यातले नऊ मी मारले. आणि मग म्हणतो, ज्याचं मरण ठरलेलं नाही अशा वीराला वुर्ड अनेकदा वाचवते, त्याचं धैर्य टिकलं असेल तर.

हे वाक्य पुन्हा वाचून पाहा. तर्काने ते अडकतं. मरण ठरलेलंच नसेल तर वाचवायचं काय? आणि वुर्ड वाचवणार असेल तर धैर्याची अट कशाला? पण मराठी माणसाला हे वाक्य समजायला काही त्रास पडू नये. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असं आपण रोज म्हणतो, आणि त्याच दमात ‘पण गड्याने हिंमत सोडली नाही’ हेही म्हणतो. जे होणार ते होणारच आणि तरीही हातपाय मारायचे, या दोन गोष्टी जगताना एकत्र नांदतात. बेओवुल्फचा कवी त्या दोन्ही एका वाक्यात ठेवतो आणि सोडवायला जात नाही. पुढे ग्रेंडेल मेल्यावर निवेदक तर आणखी एक पाऊल टाकतो: सुज्ञ देव आणि त्या माणसाची हिंमत वुर्डच्या आड उभे राहिले नसते, तर राक्षसाने आणखी माणसं खाल्ली असती. म्हणजे वुर्डला अडवता येतं! किमान या कवितेत, किमान एकदा.

याच कवितेत एक ठिकाण असं आहे जिथे ‘नियती’ हा अर्थ बसवायला गेलं की वाक्य उगाच जड होतं. ग्रेंडेल दालनात शिरतो, झोपलेली माणसं पाहून खूश होतो, आणि कवी सांगतो की त्या रात्रीनंतर त्याला आणखी माणसं खायला मिळावीत ‘हे वुर्ड नव्हतं’. मराठीत सरळ म्हणावं, ‘ते व्हायचं नव्हतं’. झालं.

पन्नास वर्षं राज्य केलेला म्हातारा बेओवुल्फ शेवटी आग ओकणाऱ्या सर्पाशी लढायला निघतो. समुद्रकाठच्या कड्यावर बसून सोबत्यांचा निरोप घेतो तेव्हा कवी म्हणतो, वुर्ड अगदी जवळ आली होती. इथे तिचा अर्थ मृत्यू. आणि मरताना तो विग्लाफ या तरुण नातलगाला सांगतो: आपल्या कुळात तू शेवटचा उरलास, माझी सगळी माणसं वुर्डने झाडून नेली, मला त्यांच्यामागे गेलं पाहिजे. एकाच कवितेत एकच शब्द घटना, होणार, धोका, मरण अशा वेगवेगळ्या छटांनी फिरतो.

‘वुर्ड बिथ फुल आरॅड’ ही या शब्दाची सर्वांत गाजलेली ओळ मात्र दुसरीकडे आहे. एक्सेटर कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातला एक कवितासंग्रह आहे. बिशप लिओफ्रिक १०७२ मध्ये वारला, त्याने तो कॅथीड्रलला दिला आणि तो आजही तिथेच आहे. त्यातल्या एका कवितेत, जिला नंतरच्या लोकांनी ‘द वॉन्डरर’ हे नाव दिलं, स्वामी गमावलेला एक माणूस हिवाळी समुद्रावर एकटा भटकतो आहे. झोपेत त्याला दिसतं की आपण स्वामीच्या मांडीवर डोकं ठेवलंय. जाग येते तेव्हा समोर करड्या लाटा, पंख पसरून न्हाणारे समुद्रपक्षी, गारा आणि बर्फ. कवितेच्या अगदी सुरुवातीला, त्याच्या वनवासाचा उल्लेख होताच, ती ओळ येते. इंग्रजीत ती बहुतेकदा ‘नियती अटळ आहे’ अशी देतात. शेवटच्या शब्दाचा नेमका अर्थ ‘ठरलेली’, ‘पक्की’, की ‘हटवादी’, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे या जुन्या इंग्रजीच्याच, काळावरच्या लोकप्रिय कादंबऱ्यांमुळे आणि मालिकेमुळे ही ओळ आता एवढी पसरली आहे की ती अंगावर गोंदवून घेणारेही सापडतात. त्यांनी कवितेचा शेवटही वाचायला हरकत नाही. तिथे भटक्याला आधार मिळतो तो स्वर्गातल्या पित्याकडे.

त्याच संग्रहात पडक्या रोमन शहरावरची एक कविता आहे, बहुधा बाथ शहरावरची. तिची पहिलीच ओळ सांगते की हे अद्भुत दगडी बांधकाम वुर्डने मोडलं. आणि इटलीतल्या व्हर्चेल्ली गावी पोचलेल्या दुसऱ्या एका हस्तलिखितात ज्या लाकडाचा क्रूस झाला ते झाडच बोलतं: त्या टेकडीवर मी पुष्कळ क्रूर ‘वुर्डं’ सोसली. अनेकवचन! एका माणसाची नियती अनेक कशी असेल? इथे अर्थ अगदी साधा आहे. माझ्यावर नाना प्रसंग ओढवले.

या सगळ्या कविता ख्रिस्ती लेखनिकांनी उतरवल्या, हे लक्षात ठेवायला हवं. देव सर्वशक्तिमान, मग ही वुर्ड कोण, हा प्रश्न त्यांना पडला नसता तरच नवल. त्याचं सर्वांत सुंदर उत्तर नवव्या शतकातला इंग्लंडमधला राजा आल्फ्रेड याच्या नावावर असलेल्या एका अनुवादात सापडतं. बोएथियस हा रोमन विद्वान सहाव्या शतकात, देहदंडाची वाट बघत असताना, तत्त्वज्ञानाकडून सांत्वन मागणारं पुस्तक लिहून गेला. जुन्या इंग्रजीतल्या त्याच्या रूपांतरात असं म्हटलंय: एखादी गोष्ट देवाच्या मनात आहे तोवर तिला त्याची योजना म्हणायचं. ती प्रत्यक्षात घडली की तिलाच आपण वुर्ड म्हणतो. बघा, शब्दाचं मूळ किती बरोबर पकडलंय. वुर्ड म्हणजे झालेलं. तिथेच गाडीच्या चाकाचा दाखला येतो. आस स्थिर आहे, तो देव. चाक त्याच्याभोवती फिरतं. जी माणसं तुंब्याजवळ आहेत त्यांना हिसके कमी, जी धावेवर आहेत ती दगडधोंड्यांवर आपटत जातात. बैलगाडीतून कधी गेलेल्या वाचकाला याचं स्पष्टीकरण नको.

आल्फ्रेडनंतरच्या शंभर वर्षांत एल्फ्रिक नावाच्या धर्मोपदेशकाने एवढी समजूतही घातली नाही. त्याने एका प्रवचनात साफ सांगून टाकलं की नियती म्हणजे खोटी समजूत, दुसरं काही नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना, विशेषतः जर्मन पंडितांना, या शब्दात ख्रिस्तपूर्व धर्माची हरवलेली देवी दिसू लागली. ख्रिस्ती मुलामा खरवडला की आतून अस्सल मूर्तिपूजक कविता निघेल अशी त्यांची खात्री होती. एरिक स्टॅन्ली यांनी १९६० च्या दशकात या हौसेची चांगलीच झडती घेतली. आज कुणी जबाबदार अभ्यासक प्रत्येक वुर्डमागे देवी शोधत नाही. रोमँटिक मनाला ते पचत नाही, पण पुरावा स्टॅन्ली यांच्या बाजूने आहे.

१०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन आले आणि त्यांच्यामागून फ्रेंच-लॅटिन शब्दांची वरात आली. डेस्टिनी, फॉर्च्यून, फेट. वुर्डची जागा हळूहळू गेली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर ‘द विर्ड्स’ लिहितो आणि लगेच जोडतो, ‘ज्यांना आपण डेस्टिनी म्हणतो’. शब्दाचा अर्थ वाचकाला समजावून सांगावा लागतो आहे, म्हणजे तो शब्द उतरणीला लागलाय. स्कॉटलंडमध्ये मात्र तो ठणठणीत राहिला. तिथे ‘ड्री युवर विअर्ड’ असा वाक्प्रचार झाला: आपल्या वाट्याचं भोगून टाक. आपल्या ‘भोग सरायला हवेत’ची आठवण करून देणारा. शब्दातलं ‘ई’ आधी आणि ‘आय’ मागून हे स्पेलिंगही उत्तरेकडूनच, स्कॉट वळणाने आलं. शाळेत ‘आय बिफोर ई’ घोकलेली पोरं इथे हमखास अडखळतात, त्याला कारण हे.

स्कॉटलंडमधूनच या शब्दाला दुसरा जन्म मिळाला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू ऑफ विंटन याने लिहिलेल्या पद्यबखरीत मॅकबेथच्या स्वप्नात तीन बायका येतात, त्यांना ‘वेर्ड सिस्टर्स’ म्हटलंय. पुढे हॉलिनशेडच्या बखरीत त्या त्याला रस्त्यात भेटतात आणि बखरकार खुलासा करतो की लोक त्यांना ‘विअर्ड सिस्टर्स’ म्हणजे भवितव्याच्या देवी मानत, किंवा मग पऱ्या वगैरे. शेक्सपिअरने ही बखर वाचली आणि १६०६ च्या आसपास ‘मॅकबेथ’ हे नाटक लिहिलं.

आपण मराठीत या तिघींना चेटकिणी म्हणून ओळखतो. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे मॅकबेथ मराठी रंगभूमीला परका नाही. पण मॅकबेथ आणि त्याचा सोबती बँको त्यांच्याविषयी बोलतात तेव्हा ‘विअर्ड सिस्टर्स’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘विचित्र बहिणी’ असा नाही. अर्थ ‘वुर्डच्या बहिणी’, होणारं जाणणाऱ्या. या फरकाने नाटकातला मुख्य पेचच बदलतो. विचित्र म्हाताऱ्या काहीबाही बरळल्या आणि मॅकबेथ भुलला, की जे व्हायचंच होतं ते त्याला आधी सांगितलं गेलं? ‘तू राजा होशील’ हे भाकीत खरं. पण राजा डंकनच्या खोलीत खंजीर घेऊन जा, असं त्यांनी कुठे सांगितलं होतं? बेओवुल्फच्या त्या वाक्यातली गाठ, होणार आणि करणी यांची, इथे उलट्या बाजूने घट्ट बसते.

यात छापखान्याने आपला वाटा उचलला. मॅकबेथ पहिल्यांदा छापलं गेलं १६२३ च्या फोलिओमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात, तो वारल्यानंतर सात वर्षांनी. त्यात ‘विअर्ड’ हे स्पेलिंग एकदाही नाही. सहा वेळा हा शब्द येतो: नाटकाच्या पूर्वार्धात तीनदा ‘वेवर्ड’, उत्तरार्धात तीनदा ‘वेयर्ड’. आता ‘वेवर्ड’ म्हणजे हट्टी, आडमुठा असा स्वतंत्र शब्द इंग्रजीत आहेच. खिळे जुळवणाऱ्याने अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा बसवला, की शेक्सपिअरलाच दोन्ही अर्थ हवे होते? लुइस थिओबाल्ड या संपादकाने १७३३ मध्ये हॉलिनशेडचा आधार घेऊन ‘विअर्ड’ केलं आणि तेच रूढ झालं. अलीकडच्या काही संपादकांना फोलिओचं मूळ रूप राखावंसं वाटतं. बाकी, ओळीची लय सांभाळायची तर हा शब्द दोन अवयवांत म्हणावा लागतो, वि-अर्ड, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

थिओबाल्डने शब्द परत आणला, पण त्याचा अर्थ जाणणारे सामान्य इंग्रजी वाचक तोवर उरले नव्हते. ज्याला यम माहीतच नाही अशा माणसाने ‘यमदूत’ शब्द ऐकावा, समोर रेड्याजवळ उभी काळीकभिन्न आकृती पाहावी आणि ‘यम’ म्हणजे ‘भेसूर’ असावं असा अंदाज बांधावा, तसं झालं. माळरानावर, गडगडाटात, दाढी असलेल्या तीन बायका. त्यांना विअर्ड म्हणतात ना? मग विअर्ड म्हणजे असं, यांच्यासारखं! नामाचं विशेषण झालं ते असं.

रोमँटिक कवींनी ते आनंदाने उचललं. शेलीच्या १८१६ च्या ‘अलास्टर’मध्ये एकांतातल्या नीरव घटकांत रात्र आपल्याच शांततेचा एक ‘विअर्ड’ आवाज काढते. इथे भवितव्याचा वास अजून येतो, पण अर्थ गूढ, अपार्थिव याकडे झुकलाय. १८२० मध्ये कीट्सच्या ‘लामिया’त ‘विअर्ड’ पाकांत केस भिजवले जातात, तिथे हा शब्द जादूचा. अमेरिकेत १९२३ मध्ये भयकथांचं मासिक निघालं, ‘विअर्ड टेल्स’, तोवर अर्थ भयाण आणि अद्भुत असा स्थिरावला होता. नंतर भयही गळालं. आता फोन आपोआप बंद पडला तरी तो विअर्ड आणि आमरसात केचप घालणारा चुलतभाऊही विअर्ड.

जुन्या कविता अनुवादातून वाचणाऱ्यांनी एक करून पाहावं. जिथे जिथे ‘फेट’ किंवा ‘नियती’ दिसेल तिथे तिथे मनात ‘होणार’ आणि ‘झालेलं’ हे दोन्ही शब्द आलटून पालटून ठेवायचे. काही ओळी त्याने लगेच हलक्या होतील, काही अडतील. अडतात त्या बहुतेक जागी मूळ कवीच्या मनातही एकच अर्थ नसतो, आणि अनुवादकाला मात्र एकाच शब्दावर बोट ठेवणं भाग पडलेलं असतं.